अनरिअल वर्ल्ड: बैल एक नंबर, कासऱ्याचं तेवढं बघा

अनरिअल वर्ल्ड हा जंगलात तग धरून जगायचा कॉम्प्युटर गेम. फिनलंडकडचं लोहयुग, मेलं की खेळ संपला. १९९२ पासूनचा गेम, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आला २०१६ ला. जुन्या आवृत्त्या फुकट मिळतात आणि माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर पंखा न घोंगावता चालतात. मला बोलायचंय गेममधल्या ओझं वाहणाऱ्या बैलाबद्दल.

सुरुवातीला बैल घ्यायला मन होईना. गेममध्ये पैसा नाही, सगळी अदलाबदल. एका जनावरापायी जमवलेली कातडी गावाच्या हवाली करायची म्हणजे जीव तुटतो राव! पण एल्क, म्हणजे तिकडचं मोठं हरीण, मारला की मांस शेकडो पौंड निघतं. ओझं वाढेल तशी चाल मंदावते, कौशल्यंही घसरतात. निम्मं मांस जंगलातच कुजायला सोडून यायचो.

बैल आला आणि हिशेबच फिरला. मांस त्याच्यावर, कातडं त्याच्यावर. न्जेर्पेझ या शत्रू टोळीतला कोणी आडवा आला आणि आपण जगलो, तर त्याची तलवार, चिलखतही त्याच्याच पाठीवर. ते विकून बैलाची किंमत वसूल. गेमच्या नकाशात पश्चिमेला ड्रिक नावाच्या जमातीकडे कुऱ्हाडी चांगल्या मिळतात. तिकडं जाताना बैल हवाच.

आता खरं दुखणं. कासरा! जनावर न्यायचं तर दोरी, मुक्कामाला झाडाला बांधायचं तर दोरी. बरं, मांस घरी आणलं तर ते वाळत घालायलाही दोरीच लागते, आणि वाळेपर्यंत ती तिथंच अडकून बसते. मग कातडं कापून दोर बनवा, म्हणजे ज्या कातड्यावर चार जिन्नस आले असते तेच कापा. बेंदूर जवळ आला की आपल्याकडं बाजारात कासरे, म्होरक्या, गोंडे टांगलेले असतात. इथं मी थंडीत मांसाखालची दोरी सोडवून बैलाला लावायची की नको, याचा विचार करत बसलोय.

हे सगळं लिहूनही बैल विकणार नाही. फक्त रोजच्या शिकारीला आता कुत्रा नेतो. ओझं कमी वाहतो, खायला मांस मागतो, पण हाकेला येतो आणि माग काढायलाही कामाचा. बैल लांबच्या बाजारासाठी राखून ठेवलाय. नवीन घेणाऱ्यांनी आधी दोन-चार दोर जमवा, मगच जनावराकडं बघा.