कटी सार्क की थर्मोपायली, भारी कोण?

दोन्ही चहाची क्लिपर, म्हणजे चहा वाहणारी वेगवान शिडाची जहाजं, लांबी साधारण 212 फूट, लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्या. थर्मोपायली 1868 ला स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनला पाण्यात उतरलं, कटी सार्क पुढच्याच वर्षी तिथल्याच डम्बार्टनला, आणि त्याच 1869 मध्ये सुएझ कालवा उघडून आगबोटींना जवळचा रस्ता मिळाला, म्हणजे बिचाऱ्यांच्या धंद्याला आगबोटींनी सुरुवातीलाच सुरुंग लावला.

खरी जुगलबंदी 1872 ची, शांघायहून लंडन. कटी सार्क चांगलंच पुढे होतं आणि हिंदी महासागरात वादळात त्याचं सुकाणूच गेलं! मग भर समुद्रात, डेक हेलकावे खातोय, लाटा अंगावर येतायत, आणि तिथेच भट्टी पेटवून लोखंड ठोकून सुताराने नवीन सुकाणू बनवलं, वाचतानाच हात भाजल्यासारखं होतं राव. तरी लंडनला पोचायला थर्मोपायलीपेक्षा फक्त आठवडाभर उशीर. कागदावर जिंकलं थर्मोपायली, पण माझं मत विचाराल तर कटी सार्कच.

पुढे ऑस्ट्रेलियाच्या लोकरीच्या धंद्यात कॅप्टन वुडगेटच्या हाताखाली कटी सार्कने थर्मोपायलीला मागे टाकलं, 1889 मध्ये तर एका डाक-आगबोटीलाही ओव्हरटेक केलं.

गंमत म्हणजे दोघंही शेवटी पोर्तुगीजांकडेच गेली. थर्मोपायली त्यांच्या नौदलात गेलं आणि 1907 मध्ये त्यांनीच ते पोर्तुगालच्या कॅश्काइशजवळ समुद्रात बुडवलं. कटी सार्क मात्र परत इंग्लंडला आलं, आता लंडनमधल्या ग्रीनिचला आहे, 2007 च्या आगीतूनही वाचलं, तिकीट काढून आत जाता येतं.