आग्या मोहोळ उतरवणारे: सोसायटीनं कोणाला बोलवावं?

पावसाळा सरला की पुण्यातल्या उंच इमारतींच्या सज्ज्यांखाली आग्या मोहोळं लटकायला लागतात, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पटापट नंबर पडतात. त्या नंबरांमागे साधारण तीन तऱ्हेची माणसं असतात: पेस्ट कंट्रोलवाले, मधासाठी पोळं तोडणारे आणि दोरावरून उतरून माश्या न मारता पोळं काढणारी पथकं. माश्या तिघंही घालवतात. फरक पडतो तो माश्या गेल्यावर स्लॅबला काय चिकटून राहतं यात, आणि पुढच्या हंगामात तिथे पुन्हा मोहोळ बसणार का, हे बरंचसं त्यावरच ठरतं.

समोरचा फोनवर काय विचारतो, तिथेच निम्मी परीक्षा होते. जाणकार आधी फोटो मागतो. उघड्यावर, स्लॅबखाली, दोन-तीन फूट रुंद एकच पोळं, त्यावर माश्यांचा काळसर पडदा आणि डिवचलं की त्यावरून सरसरत जाणाऱ्या लाटा: ही आग्या. भिंतीच्या फटीतून किंवा डक्टमधून ये-जा दिसते पण पोळं दिसत नाही, तर बहुधा सातेरी. झाडाच्या फांदीवर तळहाताएवढं पोळं असेल तर फुलोरी. तिला हात लावायचं कारण सहसा नसतं. फटीच्या तोंडाशी राळेची काळपट नळी आणि चिलटाएवढ्या माश्या म्हणजे पोयाच्या माश्या. त्या डंख मारूच शकत नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी दर सांगणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावं.

‘आग्या पेटीत भरून शेतावर सोडतो’ असं कोणी म्हणालं की फोन ठेवावा. आग्या पेटीत नांदत नाही. पेटीत नेता येते ती सातेरी. तिच्यासाठी फट रुंद करून आतली समांतर पोळी एकेक कापतात, अंडी-अळ्यांचे तुकडे चौकटीत दोऱ्यानं बांधतात आणि राणी पेटीत आली की बाकीच्या मागोमाग येतात. पेटी अंधार पडेपर्यंत तिथेच ठेवावी लागते, नाहीतर चरायला गेलेल्या माश्या मागे राहतात. नंतर ती दोन-तीन किलोमीटरपलीकडे न्यायची. त्याहून जवळ ठेवली तर माश्या जुन्या फटीकडेच परततात. फट त्याच दिवशी सिमेंटनं बुजवायची.

पेस्ट कंट्रोलची फवारणी सगळ्यात स्वस्त दिसते आणि सगळ्यात वाईट पडते. सायपरमेथ्रिनसारखं औषध बसलं की माश्या कोसळतात, पण लगेच मरत नाहीत. पार्किंगमध्ये, जिन्यात रांगत राहतात आणि अनवाणी पायाखाली आल्या की डंख मारतात. वर पोळं तसंच. त्याला गार ठेवायला माश्या उरत नाहीत, मेण उन्हानं मऊ होतं, विषारी मध भिंतीवरून ओघळतो, मुंग्या आणि मेणकिडा येतो. तो मध दुसऱ्या मोहोळाच्या माश्या लुटून नेतात, म्हणजे विष आणखी पसरतं.

मधवाले पैसे कमी घेतात, कारण मोबदला मधात असतो. आग्याच्या पोळ्यात मध वरच्या भागात, बहुतेकदा एका टोकाला साठलेला असतो, खाली अंडी-अळ्या. यांना वरचाच तुकडा हवा. टेंभा पेटवून माश्या उठवायच्या, मध कापायचा, बाकीचं सोडून द्यायचं किंवा खाली टाकायचं. अंडी-अळ्या राहिल्या तर माश्या हलत नाहीत. खाली टाकल्या तर बिथरलेल्या माश्या पोळ्यामागे खाली येतात. शिवाय ठिणग्या. एसीच्या पाइपवरचं फोमचं आवरण, प्लास्टिकचे पाइप, दर्शनी भागाचं पॅनेल, खाली वाळलेली झुडपं, सगळं पेट घेणारं. टेंभा आणतो म्हणणाऱ्याला गेटच्या आत घेऊ नये.

आता तिसरी सेवा. ती महाग आहे आणि बरोबर केली तर पैसे वसूल होतात. चांगलं पथक दोन दोर वापरतं, एक उतरण्याचा आणि एक सुरक्षेचा, दोन्ही गच्चीवर वेगवेगळ्या जागी बांधलेले. पाण्याच्या पाइपला दोर बांधताना दिसले तर काम तिथेच थांबवावं. दोर पोळ्याच्या डोक्यावरून नाही, दोन-तीन मीटर बाजूनं सोडतात, कारण सावली आणि हादरा दोन्ही आग्याला खपत नाहीत. पोशाख जाड हवा. आग्याची नांगी लांब असते, एकेरी कापडातून आरपार जाते. पोशाख धुतलेला आहे का, हेही विचारावं. डंखातून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो, तोच इतर माश्यांना हल्ल्याला बोलावतो आणि कापडात मुरतो.

काम सूर्यास्ताच्या सुमारास सुरू होतं, कारण तोवर चरणाऱ्या माश्या परतलेल्या असतात. भर दुपारी येणाऱ्या पथकाला पोळ्यावरच्या आणि बाहेरून परतणाऱ्या अशा दोन्ही माश्यांशी झुंजावं लागतं. दिवे लाल हवेत, मधमाशीला लाल रंग दिसत नाही. त्या बाजूच्या सगळ्या घरांचे दिवे बंद, खिडक्या बंद, एसीच्या पाइपची भोकं कापडानं बुजवलेली. इथे बहुतेक सोसायट्या ढिल्या पडतात. एका स्वयंपाकघरातली ट्यूब चालू राहिली की उठलेल्या माश्या त्याच काचेवर येऊन थडकतात. वॉचमनची केबिन आणि शेजारची इमारत यांना सांगायचं हमखास राहून जातं.

धूर गोणपाटाचा किंवा नारळाच्या काथ्याचा, थंड, वाऱ्याच्या बाजूनं, सावकाश. पडदा सरकून पोळं उघडं पडलं की ते तुकड्यातुकड्यानं कापून दोराला लावलेल्या बादलीतून खाली सोडतात. माश्या उघड्या स्लॅबला घोस करून बसतात. दुसऱ्या दिवशी त्या तिथेच दिसल्या तर काम फसलं असं नाही. काही दिवसांत उठतात. मेणाची नवी पांढरी कड दिसायला लागली तर मात्र पथकाला परत बोलवावं.

खरी मेख पुढे आहे. घोस उठल्यावर पुन्हा उतरून स्लॅबवरचं मेण रंगाऱ्याच्या पत्र्याच्या पट्टीनं सिमेंट दिसेपर्यंत खरवडायचं, गरम पाण्यानं धुवायचं आणि वर रंगाचा हात द्यायचा. आग्या वर्षानुवर्षं त्याच जागी परतते, आणि जुन्या मेणाचा वास तिला आमंत्रणच. हे दुसरं उतरणं बहुतेक पथकं टाळतात, कारण त्यात मध नाही आणि दोराची मेहनत तेवढीच. ‘एक वर्षाची गॅरंटी’ म्हणजे बहुतेकदा ‘बोलावलंत तर येऊ’ एवढंच. कडुनिंबाच्या तेलाच्या हातावर विसंबू नये, पहिल्या पावसात धुऊन जातो. कबुतरांची जाळी तर उलटी अडचण: माशी तिच्या भोकातून सहज आत जाते, मागे पोळं बांधते आणि काढणाऱ्याचा हात पोचत नाही. लावायचीच तर डासांच्या जाळीइतकी बारीक लावावी.

मोहोळ आठव्या-दहाव्या मजल्यावर, कोणाच्या खिडकीजवळ नसेल तर काहीच न करणं हाही पर्याय आहे. उन्हाळा संपता संपता आग्या बहुधा आपणहून निघून जाते. तोवर त्या बाजूला फटाके, शेकोटी, पतंग नकोत. मोहोळ घार, म्हणजे पोळ्यांवर जगणारा शिकारी पक्षी, झडप घालते तेव्हाही माश्या उठतात, तिथे कोणाचा इलाज नाही. रिकामं पोळं नंतर दिवसाउजेडी निम्म्या कटकटीत काढता येतं.

पथकात कोणी शिकलेला आहे का, हे विचारायला लाजू नये. गणेशखिंड रस्त्यावर खादी ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. कामगारांच्या विम्याचा कागद आधी बघावा. दर कागदावर दोन उतरण्यांचा मिळून घ्यावा, पोळं उतरवण्याचा आणि मेण खरवडण्याचा, आणि एक तृतीयांश रक्कम खरवडलेल्या स्लॅबचा जवळून काढलेला फोटो आल्यावरच द्यावी.