जिल्हा उद्योग केंद्र : मार्गदर्शन उत्तम, सातत्य अपुरे

1978 मध्ये देशात सुरू झालेल्या जिल्हा उद्योग केंद्रांपैकी आमच्याकडील केंद्रात मसाला कांडपाच्या उद्योगासाठी मी वर्षभर खेटे घातले. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील महिलेला प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के अनुदान मिळते आणि पदरचे 5 टक्केच घालावे लागतात, हे तेथे पहिल्याच भेटीत नीट समजले. मात्र ते अनुदान हाती न येता 3 वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते, ही कळीची बाब मला बँकेत गेल्यावरच कळली.

केंद्राची सारी भिस्त महाव्यवस्थापकांवर असते. तेव्हाच्या महाव्यवस्थापक बाईंनी माझा प्रकल्प अहवाल उघडून, मिरचीचा भाव बारा महिने एकच धरलेल्या रकान्याभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि हंगामातील खरेदीसाठी खेळते भांडवल वाढवायला लावले. माझा एकही हप्ता थकला नाही तो या एका दुरुस्तीमुळे, असे मी मनापासून मानते. त्यांची बदली झाली आणि विस्तारासाठी दिलेली माझी फाईल चार महिने एकाच टेबलावर पडून राहिली. जिल्ह्याच्या अर्थकारणाला वळण देणाऱ्या या पदावर जाणती व्यक्ती काही वर्षे तरी टिकायला हवी. नव्या उद्योजकांनी येथे अवश्य जावे, फक्त अहवाल एजंटाकडून न करवता स्वतः लिहून न्यावा.