पतसंस्थेचे सेवा प्रतिष्ठान: पैसा येतो कुठून आणि जातो कुठे

नागपुरातील ज्या पगारदार सहकारी पतसंस्थेचा मी सभासद आहे, तिने स्थापन केलेल्या धर्मादाय प्रतिष्ठानाच्या सेवेचे आणि हिशेबाचे हे परीक्षण आहे. संस्थेचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण पुढे एक तक्रार नोंदवायची आहे आणि तिचा रोख एका संस्थेपेक्षा एका पद्धतीवर आहे.

सेवेच्या बाबतीत प्रतिष्ठान उत्तम आहे, हे आधीच सांगतो. मेडिकल चौकापासून जवळ असलेल्या शाखेच्या तळमजल्यावर त्यांचे रुग्णोपयोगी साहित्य केंद्र चालते. फाउलर कॉट (डोके व पाय वर-खाली करता येणारा पलंग), एअर बेड, व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, कमोड चेअर, सक्शन मशीन आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर तेथे अनामत घेऊन वापरायला मिळतात, आणि वस्तू सुस्थितीत परत आली की अनामत पूर्ण परत केली जाते. मेडिकल आणि मेयो या दोन शासकीय रुग्णालयांत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया येथूनच नव्हे, तर शेजारच्या मध्य प्रदेशातील बालाघाट आणि छिंदवाड्याकडूनही रुग्ण येतात. सुटी मिळाल्यावर पुढच्या उपचारांसाठी भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या अशा कुटुंबाला पलंग विकत घेणे परवडत नाही आणि खाजगी दुकानाचे भाडेही झेपत नाही. केंद्रातील साहित्य स्वच्छ असते, एअर बेडचा पंप देण्यापूर्वी सुरू करून दाखवला जातो, आणि मुख्य म्हणजे रुग्ण सभासदाचा नातेवाईक आहे की नाही, हे विचारले जात नाही. मुदत संपली की फोन येतो, पण रुग्णाची स्थिती सांगितल्यावर मुदत वाढवून मिळते. घरपोच सेवा नाही, त्यामुळे कॉट नेण्यासाठी मालवाहू गाडी स्वतःच ठरवावी लागते, आणि दुपारी केंद्र बंद असते. मे महिन्याच्या उन्हात बाहेरगावहून आलेल्या माणसाला बंद दारासमोर थांबावे लागणे योग्य नाही. शाखा तर त्या वेळी उघडीच असते, मग निदान बाकडे आत ठेवता येईल.

आता पैशाकडे वळू. अनेक सभासद या कामाला सरसकट ‘सीएसआर’ म्हणतात, पण तसे ते नाही. नफ्याच्या सरासरीवर २ टक्के सामाजिक खर्चाचे बंधन कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ मधून येते आणि ते ठरावीक आकाराच्या कंपन्यांना लागू होते. पतसंस्था ही कंपनी नव्हे. तिला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू होतो, आणि त्यात नफ्याच्या वाटणीचा क्रम ठरलेला आहे. निव्वळ नफ्यातील किमान चतुर्थांश भाग सर्वसाधारणपणे आधी राखीव निधीत जातो, शिक्षण निधीची तरतूद होते, आणि त्यानंतर कलम ६९ नुसार जास्तीत जास्त २० टक्के रक्कम सहकारी, धर्मादाय किंवा अन्य सार्वजनिक कामासाठी बाजूला काढता येते, तीसुद्धा अधिसूचित संघीय संस्थेच्या, म्हणजे सहकारी संस्थांच्या संघाच्या, मान्यतेने. ‘काढता येते’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण येथे सक्ती नाही. लाभांशावरही १५ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे प्रतिष्ठानाला दिले म्हणून आमचा लाभांश बुडाला, ही आमसभेत हमखास ऐकू येणारी कुरकुर ज्या वर्षी लाभांश मर्यादेला टेकलेला असतो त्या वर्षी तरी निराधार ठरते.

आमच्या प्रतिष्ठानाचा पहिला आणि मोठा स्रोत हाच आहे. दरवर्षी ३० सप्टेंबरपूर्वी होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेत नफा वाटणीच्या ठरावात ती रक्कम वेगळ्या ओळीत दाखवली जाते, आणि ती मंजूर होण्याआधी हात वर करून प्रश्न विचारता येतो. प्रश्न विचारणारे मोजके असतात आणि बाकीच्यांचे लक्ष जेवणाच्या पंगतीकडे असते, ही गोष्ट वेगळी. पण पैसा कोणाचा आणि तो कोणी दिला, याविषयी येथे संदिग्धता राहत नाही. सर्व देणी भागवून उरलेल्या नफ्यातला एक हिस्सा त्या नफ्याच्या मालकांनी स्वतःहून दुसऱ्यासाठी ठेवला, एवढे त्यातून स्पष्ट होते.

दुसरा स्रोत मात्र मला मान्य नाही. कर्ज मंजूर झाल्यावर हाती येणाऱ्या रकमेचा जो तपशील मिळतो, त्यात शेअर्सची कपात, अर्ज शुल्क आणि विम्याचा हप्ता यांच्या खाली ‘प्रतिष्ठान देणगी (ऐच्छिक)’ अशी छापील ओळ आहे, आणि माझ्या आकस्मिक कर्जाच्या वेळी तिच्यासमोर ५०० रुपये आधीच भरलेले होते. विचारल्यावर लिपिकाने कोणतीही खळखळ न करता ती रक्कम वगळली. परंतु मुलीच्या लग्नासाठी किंवा आईच्या शस्त्रक्रियेसाठी कर्ज घेणारा सभासद, धनादेश समोर असताना, टेबलापलीकडच्या माणसाला ‘ही देणगी नको’ असे सहसा म्हणत नाही. बहुतेकांना तर तो एखादा शासकीय आकार वाटतो. शिवाय ही रक्कम कर्जातूनच वळती होत असल्यामुळे सभासद स्वतःच्या देणगीवर पुढची काही वर्षे व्याज भरतो आणि ते व्याज संस्थेच्या उत्पन्नात जमा होते. ज्याला पैशांची निकड आहे त्याच्याकडूनच दानाची वसुली करणे, आणि तीही व्याजासह, हे सहकाराच्या कोणत्याही व्याख्येत बसवता येत नाही. ८०जीची, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट मिळवून देणारी, पावती मिळते, असे समर्थन केले जाते. पण नव्या करप्रणालीत ती वजावट मिळतच नाही, आणि पगारदार सभासदांपैकी अनेकांनी ती प्रणाली स्वीकारलेली आहे.

सभासदांकडून थेट पैसा घ्यायचाच असेल, तर त्यासाठी सभ्य मार्ग आहेत. ब्रिटनमध्ये बिल्डिंग सोसायटी नावाच्या संस्था ठेवीदार आणि कर्जदार सभासदांच्याच मालकीच्या असतात. त्यांपैकी यॉर्कशायर बिल्डिंग सोसायटीने आपल्या धर्मादाय प्रतिष्ठानासाठी अशी योजना राबवली की, संमती देणाऱ्या सभासदाच्या ठेवीवरील वार्षिक व्याजातील पौंडाखालचे सुटे पेन्स प्रतिष्ठानाला जावेत. म्हणजे एका खात्यातून वर्षाला जास्तीत जास्त ९९ पेन्स. नेशनवाइड या मोठ्या सोसायटीच्या सभासदांनी २००७ मध्ये मतदानाने करपूर्व नफ्याचा किमान १ टक्का सामाजिक कामासाठी देण्याचे ठरवले. दोन्हीकडे पैसा व्याजातून किंवा नफ्यातून, म्हणजे देणाऱ्याच्या मिळकतीतून जातो. कर्जदाराच्या गरजेतून नव्हे. आमच्याकडे मुदत ठेवीच्या व्याजातील रुपयाखालचे पैसे लेखी संमतीने घेतले, तर कोणाचीही हरकत असण्याचे कारण नाही.

कारभाराविषयी माझे मत बरेच अनुकूल आहे. प्रतिष्ठान महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली स्वतंत्रपणे नोंदलेले आहे, त्यामुळे त्याचा ताळेबंद पतसंस्थेच्या ताळेबंदात मिसळत नाही आणि विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज द्यावा लागतो. पतसंस्थेचे अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पदसिद्ध विश्वस्त आहेत. उर्वरित विश्वस्त बाहेरचे आहेत आणि त्यांत निवृत्त डॉक्टर व शिक्षक आहेत. साहित्य खरेदीची दरपत्रके फाइलला लावलेली आढळली. सर्वांत जमेची बाब अशी की, शिल्लक रक्कम पतसंस्थेतच ठेव म्हणून ठेवलेली नाही, ती राष्ट्रीयीकृत बँकेत आहे. हा केवळ शिष्टाचाराचा भाग नव्हे. विश्वस्त कायद्याच्या कलम ३५ नुसार विनावापर पडलेला पैसा अनुसूचित बँक, टपाल बचत बँक, शासनमान्य सहकारी बँक किंवा सरकारी रोखे येथे सर्वसाधारणपणे ठेवायचा असतो. पतसंस्था या यादीत नाही, आणि तिच्यातील ठेवींना बँकांप्रमाणे ५ लाख रुपयांपर्यंतचे विमा संरक्षणही नाही. एका हाताने दान देऊन दुसऱ्या हाताने तीच रक्कम स्वतःच्या ठेवींत मिरवण्याचा मोह येथे टाळला गेला आहे.

खर्चाच्या बाजूला दोन नोंदी खटकल्या. सभासदांच्या गुणवंत पाल्यांचा सत्कार, त्यातील शाल, श्रीफळ, सभागृहाचे भाडे आणि फ्लेक्स, हे सारे प्रतिष्ठानाच्या खात्यात टाकलेले आहे. कार्यक्रम चांगला असतो, माझ्या पुतणीलाही तेथे प्रशस्तिपत्र मिळाले आहे. परंतु केवळ सभासदांच्या मुलांसाठी असलेला खर्च हा सभासद कल्याण निधीचा विषय आहे, लोकांसाठी नोंदलेल्या विश्वस्त व्यवस्थेचा नव्हे. दुसरी नोंद एका मंदिराच्या वार्षिक उत्सवाला दिलेल्या मदतीची. कलम ६९ मध्ये धर्मादाय हेतूसाठी १८९० च्या चॅरिटेबल एन्डाउमेंट्स कायद्याचा आधार घेतलेला आहे. त्या व्याख्येत गरिबांना साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि इतर लोकोपयोगी कामे येतात, मात्र केवळ धार्मिक शिकवण किंवा पूजेशी संबंधित हेतू वगळलेला आहे. रक्कम लहान होती, पण तेवढ्यात चांगला वॉकर आला असता. वैद्यकीय मदतीच्या अर्जावरील ‘संचालकाची शिफारस’ हा रकानाही काढून टाकावा. संचालक मंडळाची निवडणूक दर ५ वर्षांनी होते आणि त्या काळात अशा शिफारशीला मदतीपेक्षा वेगळा वास येतो. डॉक्टरांचे पत्र आणि उत्पन्नाचा दाखला पुरेसा आहे.

साहित्य केंद्राला पाचपैकी पाच, हिशेबाला चार आणि निधी गोळा करण्याच्या पद्धतीला दोन गुण देतो. साहित्य हवे असल्यास डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधार कार्डाची प्रत न्यावी, कॉन्सन्ट्रेटरची चौकशी आधी फोनवर करावी आणि सकाळीच जावे. आणि पतसंस्थेतून कर्ज घेत असाल, तर सही करण्यापूर्वी कपातीची शेवटची ओळ वाचावी.