नौपाड्यात बनवून घेतलेला नॅट

चाळिशी ओलांडल्यापासून बारीक कामात माझा हात पूर्वीसारखा स्थिर राहत नाही, म्हणून भारतीय हवाई दलाच्या नॅट विमानाची १:७२ प्रमाणातील प्रतिकृती या वेळी मी स्वतः न जोडता ठाण्यातील एका कारागिराकडून बनवून घेतली. नौपाड्यात राम मारुती रस्त्याच्या मागच्या गल्लीत त्यांची एका खोलीची कार्यशाळा आहे. हातात आधीच पुरेशी कामे असल्याने त्यांनी नाव छापू नका असे सांगितले, तेव्हा ते येथे देत नाही.

त्यांच्याकडे जाण्यापूर्वी एका दुकानात मला दोन आसनी ट्रेनरचा, म्हणजे प्रशिक्षण विमानाचा, किट (जोडायच्या सुट्या भागांचा संच) दाखवून ‘मागची सीट काढली की झाला तुमचा नॅट’ असे सांगण्यात आले होते. ब्रिटिश ट्रेनर नॅटच्या पंखांचा विस्तार सुमारे ७.३ मीटर, तर एकआसनी लढाऊ नॅटचा सुमारे ६.७ मीटर आहे. लांबीत जवळजवळ एका मीटरचा, म्हणजे या प्रमाणात १३ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि तो ट्रेनर आपल्या हवाई दलात कधी नव्हताच. नौपाड्यातील गृहस्थांनी मात्र पहिलाच प्रश्न विचारला, “साहेब, नॅट पासष्टचा हवा की एकाहत्तरचा?” प्रश्न नेमका होता, कारण १९६५ च्या युद्धातील नॅट चंदेरी दिसत, तर १९७१ मध्ये, श्रीनगरवरून झेपावलेल्या फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांच्या वेळी, या विमानांवर कॅमोफ्लाजचे पट्टे आलेले होते. मी पासष्टचा मागितला.

विमानाच्या अंगावरील क्रमांकाबाबत ते फार हट्टी आहेत, आणि मला तो हट्ट पटला. किटसोबतच्या पत्रकावर छापलेला क्रमांक ते पुरावा मानत नाहीत. त्याच विमानाचे त्या काळातील छायाचित्र असल्याशिवाय क्रमांक चिकटवणार नाही, असे त्यांनी आगाऊ रक्कम घेण्यापूर्वीच सांगितले. संग्रहालयातील विमानही त्यांना पुरेसे वाटत नाही. ३ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानात पसरूर येथे उतरलेला आपला नॅट आज कराचीच्या संग्रहालयात उभा आहे, परंतु अशा विमानांना मधल्या काळात कितीदा रंग दिला गेला असेल, हे धरूनच त्यांच्याकडे पाहावे लागते. त्याच दिवशी स्क्वाड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांना पाकिस्तानचे सेबर हे लढाऊ विमान पाडल्याचे श्रेय मिळाले आणि पुढे वीरचक्रही मिळाले. ते सेबर खराब झालेल्या अवस्थेत तळावर परतल्याचे पाकिस्तानी बाजू सांगते. नाकाजवळ विजयाची खूण काढू का, असे कारागिराने विचारले तेव्हा छायाचित्राचा त्यांचाच नियम त्यांना ऐकवून मी ती नको म्हटले.

कामाचा कस तोफांच्या तोंडाशी दिसतो. नॅटच्या दोन्ही ३० मिलिमीटर तोफा हवा आत घेणाऱ्या तोंडांच्या बाहेरच्या कडेत बसवलेल्या असत. किटमध्ये त्या जागी केवळ एक पुसट खळगा होता. ३० मिलिमीटरला ७२ ने भागले की जेमतेम ०.४ मिलिमीटर उरतात. तेवढ्याच जाडीच्या ड्रिलने, यंत्र न लावता, बोटांत फिरवून त्यांनी दोन्ही भोके पाडली. भिंगातून पाहिले तर कडा कुठेही फुटलेली नाही. चंदेरी रंगही सरसकट फवारलेला नाही. इंजिनाभोवतीचे पत्रे किंचित काळसर ठेवल्यामुळे विमान शोभेच्या वस्तूसारखे दिसत नाही.

त्रुटी दोन. जुलैच्या दमट हवेत फवारलेला क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) दुधाळ पडला आणि सर्व पुन्हा घासून करावे लागल्याने ऑगस्टअखेरचे काम दसऱ्यानंतर हाती आले. (पावसाळ्यात ठाण्यात हे काम घ्यावेच का, हा माझा त्यांना प्रश्न होता, त्यावर ते हसले.) दुसरी चूक अधिक बोचणारी, कारण ती तपशिलाची होती. शेपटीवरील तिरंगी पट्ट्यांत केशरी पट्टा दोन्ही बाजूंना विमानाच्या नाकाकडे हवा. त्यांनी उजव्या बाजूलाही डावीकडचाच डिकल (चिकटवायची छापील खूण) लावल्यामुळे तेथे हिरवा पुढे आला होता. क्रमांकासाठी छायाचित्र मागणाऱ्या माणसाच्या नजरेतून हे सुटावे याचे मला आश्चर्य वाटले. फोनवर सांगताच त्यांनी वाद न घालता विमान परत मागवले, आणि आठवडाभरात तो डिकल काढून, खालचा रंग न खरवडता, नवा लावून दिला.

किट धरून ६,५०० रुपये झाले. वेष्टन मात्र बुटांच्या खोक्याचे मिळते, त्यामुळे ट्रान्स-हार्बर लोकलने नेरूळपर्यंत मी ते मांडीवर धरून आणले. गर्दीच्या वेळी जाणाऱ्यांनी स्वतःचा कडक डबा सोबत न्यावा, आणि ज्या विमानाची ऑर्डर द्यायची त्याची डाव्या व उजव्या, दोन्ही बाजूंची छायाचित्रेही न्यावीत.