श्राव्य पवित्र शास्त्राचे ॲप: ‘आशा’ विभागापेक्षा सलग वाचनच बरे

वडिलांच्या आजारपणात कितीतरी रात्री त्यांच्या उशाशी बसून काढाव्या लागल्या. डोळ्यांना वाचवत नव्हते आणि मनाला शांतता सोसवत नव्हती, म्हणून पवित्र शास्त्राचे, म्हणजे बायबलचे, श्राव्य वाचन देणारे एक ॲप मी मोबाइलवर घेतले. गेले चार महिने ते जवळजवळ रोज वापरल्यावर हे लिहीत आहे. ॲपचे नाव मुद्दामच देत नाही; माझी मुख्य तक्रार एका ॲपपुरती नसून संकटातल्या माणसापुढे शास्त्र कसे ठेवावे याविषयीची आहे.

ॲपचे दोन भाग आहेत. एका भागात उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंतची ६६ पुस्तके अध्यायवार सलग ऐकता येतात. दुसऱ्या भागात ‘आशा’, ‘सांत्वन’, ‘भीती’ अशा मथळ्यांखाली निवडक वचने असून त्यांच्यामागे मंद वाद्यसंगीत वाजत राहते. अडचणीत सापडलेला माणूस साहजिकच आधी ‘आशा’ उघडतो, तशी मीही उघडली. तीन-चार रात्रींतच मात्र ती ऐकवेनाशी झाली, आणि असे का होते ते कळायला आणखी आठवडा गेला.

कारण कळले ते स्तोत्रांच्या पुस्तकातील १३व्या स्तोत्रामुळे. हे स्तोत्र अवघ्या ६ वचनांचे आहे. पहिल्या दोन वचनांत दावीद राजा देवाला चार वेळा ‘किती काळ’ असे विचारतो, पुढच्या दोन वचनांत आपल्याला मरणाची झोप लागू नये म्हणून विनवतो, आणि त्यानंतरच त्याच्या तोंडी भरवशाचे शब्द येतात. ‘आशा’ विभागात शेवटची दोनच वचने घेतली आहेत. उरलेली चार गाळल्यामुळे दावीद जणू निवांत बसून देवाची स्तुती करीत आहे असे वाटते, आणि ऐकणाऱ्याला आपलाच विश्वास कुठेतरी कमी पडत असावा अशी रुखरुख लागते. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातील २९व्या अध्यायाच्या ११व्या वचनाचेही तेच झाले आहे. देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत असे सांगणारे हे वचन संगीतासह ऐकवले जाते. पण हे वचन बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवान करून नेलेल्या यहूदी लोकांना यिर्मयाने लिहिलेल्या पत्रातले आहे, आणि त्या पत्रातील १०वे वचन, ज्यात परतण्याआधीची ७० वर्षांची मुदत सांगितली आहे, ते कुठेच नाही. आधीच्याच अध्यायात दोन वर्षांत सारे परत मिळेल असे सांगणारा हनन्या खोटा संदेष्टा ठरतो, आणि यिर्मया मात्र लोकांना तेथेच घरे बांधायला व बागा लावायला सांगतो. लवकर सुटका होईल असे न सांगताही धीर देता येतो, हे त्या पत्रातून मला जितके समजले तितके त्या एका सुट्या वचनातून कधीच समजले नसते.

त्यानंतर मी सलग वाचनाकडे वळलो, आणि ॲपचे खरे मोल तेथे आहे. संगीत नाही, सजावट नाही. एक प्रौढ पुरुषी आवाज कुठेही सूर रडवेला न करता अध्याय वाचत जातो. ‘सेला’ हा शब्द स्तोत्रांत ७१ वेळा येतो आणि त्याचा नेमका अर्थ विद्वानांनाही निश्चित सांगता आलेला नाही. हे वाचक तो शब्द उच्चारून क्षणभर थांबतात, एवढेच. एका रात्री ८८वे स्तोत्र लागले. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी भरवशाकडे वळतात, हे मात्र १८ वचनांनंतर अंधारातच संपते. वडील जागे आहेत हे माझ्या ध्यानात आले नव्हते. आजाऱ्याच्या कानी असले काही पडू नये म्हणून मी घाईने मोबाइलकडे हात नेला, तेव्हा ते म्हणाले, “बंद करू नकोस, पुढचं लाव.” पुढचे ८९वे स्तोत्र परमेश्वराच्या दयेचे गीत गात सुरू होते; पण तेही ऐन उत्तरार्धात ‘किती काळ’ असे विचारतेच. वडिलांचे दुखणे अजून सरलेले नाही, आणि आम्ही दोघे अजूनही असेच पुढचे पुढचे ऐकत असतो. विलापगीतातही हेच आहे: पाच अध्यायांच्या त्या पुस्तकात, दररोज सकाळी नव्या होणाऱ्या दयेचे ते प्रसिद्ध शब्द बरोबर मधल्या, तिसऱ्या अध्यायात येतात, आणि शोक त्यांच्या आधीही आहे, नंतरही आहे.

आता ॲपच्या खऱ्याखुऱ्या दोषांकडे येतो. झोपेचा टायमर १५, ३० किंवा ४५ मिनिटांवरच लावता येतो; अध्याय संपल्यावर थांबण्याची सोयच नाही. वधस्तंभावर येशूने ज्या स्तोत्राचे पहिले शब्द उच्चारले ते २२वे स्तोत्र एकदा हातपाय विंधल्याच्या ओळीवर, म्हणजे १६व्या वचनाशी, बंद पडले. त्या स्तोत्राचा सूर २१व्या वचनानंतर पालटतो. तो पालट ऐकण्यासाठी अंधारात झगझगीत पडदा उजळून जागा शोधत बसावे लागले आणि वडिलांची झोप मोडली ती मोडलीच. सकाळी येणारी उद्गारचिन्हांनी भरलेली सूचना मी पहिल्याच आठवड्यात बंद केली.

प्रार्थनेची विनंती पाठवण्याच्या सोयीबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. मी बराच वेळ घेऊन आठ-दहा ओळी लिहिल्या आणि पाठवताच, अक्षरशः त्याच क्षणी, ‘तुमच्यासाठी प्रार्थना करण्यात आली आहे’ असे उत्तर आले. शास्त्रातल्या दुःखात बुडालेल्या इयोबाचे मित्र पुढे कितीही चुकले असोत, बोलण्याआधी सात दिवस व सात रात्री ते त्याच्यासोबत जमिनीवर मुकाट बसले होते. त्या उत्तरापेक्षा काहीच उत्तर न येते तरी मला चालले असते. दुसऱ्या दिवशी आमच्या पाळकांना तोच मजकूर पाठवला. संध्याकाळी ते घरी आले आणि फारसे काही न बोलता तासभर बसले.

जमेच्या बाजूला आणखी एक गोष्ट: एकदा अध्याय उतरवून घेतले की नेट नसतानाही सारे विनाअडथळा चालते, आणि आवाजाची गती कमी करता येते, ज्याचा वयस्कर माणसांना फार उपयोग होतो. सलग वाचनाला मी पाचपैकी साडेचार तारे देईन, निवडक विभागाला दोन आणि प्रार्थना-विनंतीला एकही नाही. नव्याने ऐकणाऱ्याने ४२व्या आणि ४३व्या स्तोत्रांपासून सुरुवात करावी. त्या दोहोंत मिळून गाणारा आपल्याच जिवाला तीनदा विचारतो की तू का खिन्न झाला आहेस, आणि तिन्ही वेळा त्याला देवाची आशा धरायला सांगतो. टायमर मात्र बंद ठेवावा.