चर्चचं उसन्या सामानाचं केंद्र, इंदूर : चार स्टार, एक कापलाय त्याचं कारण खाली

सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं, डिस्चार्जच्या वेळी सांगितलं वॉकर, कमोड चेअर आणि पडून पडून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून एअर बेड लागेल. सगळं विकत घ्यायचं म्हणजे बराच खर्च आणि नंतर ते माळ्यावरच जाणार, म्हणून कोणीतरी या केंद्राचं सांगितलं. चर्चच्या आवारातली खोली, डिपॉझिट भरायचं, सामान न्यायचं, परत केलं की पैसे परत, भाडं काही नाही. रामबागेतल्या शेजारणीने आधीच बजावलं होतं, "जपून गं, धर्माचं काढतील." काढलं कोणी? बाथरूमचा दरवाजा किती इंच रुंद आहे एवढंच विचारलं, कारण म्हणे निम्म्या खुर्च्या दारातच अडकतात आणि लोक परत आणतात.

तिथले एक रिटायर्ड काका तर कमालच. आईंना गाडीतच बसवून नेलं होतं, काका वॉकर घेऊन बाहेर आले, त्यांना हळूच उभं केलं आणि सरळ फरशीवर गुडघे टेकून पायांची बटणं दाबत उंची जमवायला लागले, मूठ मनगटाच्या रेषेत आली पाहिजे म्हणून तीनदा वर-खाली केलं. आईंना इतकं अवघडल्यासारखं झालं, "अहो उठा हो, पायाशी नका बसू." मी क्रिश्चन कॉलेजची, ते १८८७ साली कॅनडाच्या मिशनवाल्यांनी काढलेलं, तिथे ऐकलेली गोष्ट आठवली, येशू शिष्यांचे पाय धुवायला बसतो तेव्हा पेत्रही असाच नको नको म्हणतो. करून घेणं पण सोपं नसतं बरं का. काकांनी मात्र ऐकलंच नाही, वर दम दिला की एअर बेड आहे म्हणून कूस बदलणं सोडायचं नाही, दर दोन तासांनी बदलायचीच.

आता कापलेला स्टार. पावती लिहिणाऱ्या ताई स्वभावाने गोड, पण "आम्ही कुठेच दात्याचं नाव टाकत नाही हं, फोटोसुद्धा काढत नाही" हे पावती लिहिताना, सामान दाखवताना, परत गेटपर्यंत सोडायला आल्या तेव्हाही. अहो कळलं! उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये म्हणतात, इथे गेटवरच्या वॉचमनलासुद्धा पाठ झालं असेल. बॅनर लावून केळी वाटणाऱ्यांपेक्षा हे शंभर पटीने बरं, पण नाव न लावल्याची पण जाहिरात होतेच की.

त्या ताईंच्याच डोक्यामागे भिंतीवर सिस्टर राणी मारियांचा फोटो आहे. नव्या पोरांना माहीत नसेल, उदयनगरकडच्या गरीब मजुरांना सावकारांच्या तावडीतून सोडवायला झटणाऱ्या नन, २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे बसने येताना त्यांना भोसकून मारलं. सख्ख्या बहिणीने पुढे त्याच मारेकऱ्याला राखी बांधली, आणि २०१७ मध्ये इथेच इंदुरात चर्चने राणी मारियांना 'धन्य' घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. जिवंतपणी उदयनगरच्या बाहेर किती जण ओळखत होते त्यांना?

बाकी, फोन कोणी उचलत नाही, संध्याकाळी सरळ जाऊन या, आधार कार्डाची झेरॉक्स न्या आणि लोडिंग रिक्षा स्वतःच करा. कमोड चेअर फिनाइलने धुतलेली मिळते, परत करताना तुम्हीही धुवून द्या, नाहीतर ते काकाच धुतात, मी बघितलंय. एअर बेडचा पंप रात्री घरघर करतो, पलंगाला टांगू नका, खाली जाड टॉवेलवर ठेवा.